रानांतील हजेरी

नांवांच्या याद्या करण्याची हौस आपल्या पूर्वजांस फार. महाभारताच्या आदिपर्वांतील आस्तीकाख्यान ज्यांनीं मुळांतून वाचलें असेल त्यांस आठवत असेल कीं, सूत शौनकास नागांचीं नांवें सांगावयास बसतो, तीं एकामागून एक येतच राहतात, आणि अखेर त्यांची संख्याच अफाट म्हणून सर्वांचीं नांवें सांगणें शक्य नाहीं असें म्हणून तो थांबतो. नागपंचमीस पाटावर गंधानें नाग काढणाऱ्या आमच्या घरच्या बायकांस नवनागांचीं नांवें मुखोद्गत असतात. पंचांगांत पल्लीपतनाचें कोष्टक असतें; पाल मस्तकावर पडली तर फळ काय आणि उजव्या खांद्यावर पडली तर काय, ह्याचा निर्णय त्यांत तपशीलवार मिळतो. मात्र जी पाल पडली ती कोणत्या जातीची, हा प्रश्न त्या कोष्टकाच्या कर्त्यास पडलेला दिसत नाहीं. आणि परसांत, विहिरीच्या कठड्यापाशीं किंवा मोसंबीच्या बागेंत खरोखरीचा साप निघाला, म्हणजे नवनागांचीं नांवें येणाऱ्या आम्हां सर्वांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो: "जनावर!" मग काठी शोधावयाची. जनावर मेलें कीं त्याची जात विचारण्याचें कारण उरत नाहीं.

हा विषय ह्या महिन्यास सुचण्याचें निमित्त आमचा एक जुना विद्यार्थी. शाळेंत असतां त्याचीं शब्दरूपें चोख पाठ असत, पण मन वर्गाच्या खिडकीबाहेर असे. पुढें तो प्राणिशास्त्राकडे वळला, आणि सांप्रत सरपटणाऱ्या प्राण्यांची गणति करणाऱ्या मंडळींबरोबर सह्याद्रींत हिंडत असतो. गेल्या दिवाळींत पाचोडास आला तेव्हां दोन तास त्याच्याशीं बोलण्यांत गेले. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील तिळारीच्या रानांत त्यानें पावसाळ्यांतील कांहीं रात्री काढल्या होत्या. आम्हीं विचारलें, "अरे, रात्रभर भिजून तुम्हीं मोजलें तरी काय?" तो म्हणाला, "साप, सरडे, पाली, सापसुरळ्या, जें सरपटेल तें, गुरुजी." त्यावर आमच्यांतील संस्कृतचा शिक्षक जागा झाला. म्हटलें, "हें काम सुश्रुतानें पूर्वींच करून ठेवलें आहे, त्याचें काय?"

वाचकांपैकीं ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत, चौथ्या अध्यायांत, सापांचे ८० प्रकार सांगितले आहेत. दर्वी म्हणजे पळी. पळीसारखी फणा असलेले ते दर्वीकर, हे २६. अंगावर मंडलें असलेले ते मंडली, हे २२. रेघा असलेले ते राजिमंत, हे १०. निर्विष १२. आणि भिन्न वर्गांच्या संकरापासून झालेले वैकरंज व त्यांची संतति मिळून १०. दर्वीकराच्या विषानें वात कुपित होतो, मंडलीच्या विषानें पित्त आणि राजिमंताच्या विषानें कफ, असें ह्या विभागणीचें सूत्र आहे. आजच्या नागास दर्वीकरांत, घोणशीस मंडलींत आणि मण्यारीस राजिमंतांत बसविण्यास फारशी अडचण पडत नाहीं. नाग आणि मण्यार ह्यांच्या विषानें मज्जातंतु लुळे पडतात, घोणशीच्या विषानें रक्त बिघडून दाह व रक्तस्राव होतो, हें आजचें वैद्यकही सांगतें. तेव्हां अंगावरील खुणेवरून विषाचें कार्य ओळखण्याचा तो प्रयत्न कांहीं सामान्य नव्हता.

विद्यार्थ्यानें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, ती यादी वैद्याची आहे. रोगी पुढ्यांत आला म्हणजे उपचार कोणता करावा हें ठरविण्यास ती पुरे. पण त्या ऐंशींपैकीं कोणते साप कोणत्या रानांत आहेत, किती आहेत, आणि वीस वर्षांपूर्वीं होते तितकेच आज आहेत कीं कमी झाले, हें तींतून कसें कळावें?" हें उत्तर आम्हांस पटलें. वैद्याची यादी आणि रानाची यादी ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि रानाच्या यादीखालीं तारीख नसेल तर तिचा उपयोग निम्मा होतो.

आतां तें रान कसें आहे तें पाहूं. आमच्या पाचोडास वर्षाकाठीं सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस पडला तर लोक देवापुढें नारळ फोडतात. दोडामार्ग तालुक्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि तेथून फार दूर नसलेल्या आंबोलीच्या घाटमाथ्यावर तर त्याच्याही दुपटीच्या घरांत. तिळारीचें रान सह्याद्रीच्या पायथ्याशीं, गोवा आणि कर्नाटक ह्यांच्या सीमांस खेटून आहे. एका अंगास गोव्याचें म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगास कर्नाटकाचें भीमगड. ह्या दोहोंस सांधणारा दुवा म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं तेथील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलें. त्याच तालुक्यांत बांबर्डे येथें जायफळाच्या कुळांतील झाडांची एक दलदल आहे. झाडांचीं मुळें चिखलांतून गुडघ्यासारखीं वर डोकावतात, आणि बारमाही पाण्यावाचून हीं झाडें जगत नाहींत. गांवकऱ्यांनीं देवराई म्हणून ती राखली, म्हणूनच ती उरली. २०२१ सालीं तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मात्र आसपासच्या खाजगी डोंगरउतारांवर रान तोडून रबर, काजू आणि अननस लावण्याचें काम गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ झालें आहे. अशा ठिकाणीं काय आहे तें लिहून ठेवण्याची निकड कां, हें निराळें सांगावयास नको.

मोजणीची रीति ऐकण्याजोगी आहे. दिवसां रानांत हिंडून साप दिसत नाहींत. खरें काम दिवेलागणीनंतर सुरू होतें. कपाळास विजेचा दिवा बांधून तिघे-चौघे ठरलेल्या वाटेनें चालतात, ताशीं कांहीं शें पावलांपेक्षां अधिक वेगानें नाहीं. झाडावरचे सरडे रात्रीं फांदीच्या टोकाशीं झोंपलेले असतात, आणि दिव्याच्या उजेडांत त्यांचें पोट पांढरें चमकतें. दिवसां जो दहा पावलांवरून पळून जातो तो रात्रीं हातभर अंतरावरून निरखतां येतो. हरणटोळ वेलीसारखा वेलीवरच पडलेला असतो. पालींकरितां दगडांच्या फटी एक एक करून पाहाव्या लागतात. ओढ्याकांठीं बांबूच्या बेटांत चापडा हिरव्या वेटोळ्यांत भक्ष्याची वाट पाहत एकाच जागीं रात्रीमागून रात्र बसून राहतो. तेथें हात घालण्यापूर्वीं विचार करावा. किती माणसें किती तास शोधीत होतीं हें प्रत्येक रात्रीं वहींत लिहितात. कारण दोघांनीं दोन तासांत पाहिलेले पांच सरडे आणि दहांनीं रात्रभर हिंडून पाहिलेले पांच सरडे ह्यांचा अर्थ एक नव्हे.

दिवसां दुसऱ्या युक्त्या. पालापाचोळ्याच्या जमिनीवर दोरीनें आठ मीटर लांब व तितकाच रुंद चौकोन आंखावयाचा आणि चौघांनीं चारी बाजूंनीं आंत सरकत एक एक पान उलटावयाचें. म्हणजे पळणारा आंतच पळतो. कोठें कोठें प्लॅस्टिकच्या कापडाची गुडघाभर उंचीची भिंत रानांत आडवी उभी करतात आणि तिच्या पायथ्याशीं जमिनींत बादल्या पुरतात. सापसुरळी भिंतीस अडली कीं तिच्या कडेकडेनें चालूं लागते आणि बादलींत पडते. सकाळ होतांच बादल्या पाहून, मापें घेऊन, तिला सोडून द्यावयाचें. उशीर झाला तर ती उन्हानें किंवा मुंग्यांनीं मरावयाची. आणि पावसाळ्यांत बादल्यांस भोंकें न पाडणाऱ्या गणकाची गणना आम्ही तरी मूर्खांतच करूं.

हें ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानांत आलें कीं, ही तर हजेरी. मात्र ही हजेरी अशा वर्गाची कीं जेथें मुलें नांव पुकारल्यावर 'हजर' म्हणत नाहींत, निम्मीं बांकाखालीं लपलेलीं असतात, आणि कांहीं तर वर्गाच्या जमिनीखालीं राहतात. चाळीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं हजेरीपटावर गैरहजेरीचें चिन्ह किती वेळां मांडलें असेल तें देवास ठाऊक; पण दिसला नाहीं म्हणजे नाहींच असें रानाच्या पटावर मांडतां येत नाहीं. तेथें दोनच शेरे मारतां येतात: 'दिसला' आणि 'ह्या वेळीं दिसला नाहीं'. ह्या दुसऱ्या शेऱ्याचें मोल करणें हीच ह्या विद्येची खरी गणितबाजू आहे.

ती बाजू आम्ही मुलांस शिकवावी तशी सांगतों. समजा, पहिल्या रात्रीं दहा जातींचे प्राणी दिसले. दुसऱ्या रात्रीं जुन्यांखेरीज चार नवे, तिसऱ्या रात्रीं दोन, मग एक, आणि मग आठवडाभर नवें कांहींच नाहीं. कागदावर ही रेघ काढली तर ती आरंभीं चढते आणि पुढें आडवी होऊं लागते. ती आडवी झाली म्हणजे यादी बहुतेक पुरी झाली असें समजावें. परंतु एखाद्या रात्रीं धो धो पाऊस पडतो आणि जमिनीखालून खापरखवल्या वर येतो. हा एक विलक्षण प्राणी. तोंड टोंकदार, शेपूट जणु कोणीं तिरकी छाटून त्यावर खरखरीत खापर बसविलें आहे अशी. त्या खापरावर मातीचा थर चिकटतो आणि बिळाचें तोंड बंद करावयास तो उपयोगी पडतो. खातो गांडुळें, चावत नाहीं, विष नाहीं, पिलें जिवंत घालतो. ह्याचें अख्खें कुळ दक्षिण हिंदुस्थान आणि श्रीलंका सोडून पृथ्वीवर अन्यत्र कोठेंही नाहीं. वर्षांतील बहुतेक दिवस तो जमिनीखालीं असतो. भर पावसांत वर आला कीं घाटरस्त्यावर मोटारीखालीं चिरडला जातो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे रस्त्यावरील त्याचें प्रेतच असतें. तेव्हां पावसाळ्याखेरीज केलेली यादी अपुरी, आणि एका पावसाळ्यावर केलेलीही अपुरी.

किती जाती आहेत हें एक, आणि एकेका जातीचे किती प्राणी आहेत हें दुसरें. ह्याची युक्ति इतकी सोपी आहे कीं ती पांचवीच्या मुलास पटावी. समजा, एका टेकडीवर २० सरडे पकडून त्यांच्या अंगावर रंगाचा ठिपका दिला व सोडून दिले. चार दिवसांनीं पुन्हां २५ पकडले, त्यांत ठिपक्याचे ५ निघाले. म्हणजे पकडलेल्यांत ठिपकेवाले पंचमांश. मग ठिपकेवाले वीसही सर्व सरड्यांच्या पंचमांश असले पाहिजेत; म्हणजे टेकडीवर सुमारें १०० सरडे. त्रैराशिकच हें! अडचण एवढीच कीं सरडा कात टाकतो आणि कातीबरोबर आमचा ठिपकाही टाकतो, म्हणून दोन्ही मोजण्या लागोपाठ उरकाव्या लागतात.

सापडलेला प्राणी कोण, हा तिसरा प्रश्न, आणि येथें भांडणें पुष्कळ. पोटाखालचे खवले मोजावे, शेपटीखालचे मोजावे, अंगाच्या मध्यावर आडव्या ओळी किती तें पाहावें, ही पद्धति जुनी आहे. माल्कम स्मिथ ह्या गृहस्थांनीं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या ग्रंथमालेंतील सरपटणाऱ्या प्राण्यांवरील तीन खंड १९३१, १९३५ आणि १९४३ सालीं ह्याच पद्धतीनें लिहिले, आणि आजही गणकाच्या टेबलावर ते असतात. मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली; तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले गृहस्थ होते. तिचा संग्रह पुढच्याच वर्षीं एच. एम. फिप्सन ह्या मद्याच्या व्यापाऱ्यानें आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील दुकानाच्या मागच्या खोलींत ठेवून घेतला. सरस्वतीनें मद्याच्या दुकानांत बिऱ्हाड करावें हें आमच्या वाचकांपैकीं कांहींस रुचणार नाहीं, पण त्या खोलीवांचून आपल्या इकडच्या सापांची शास्त्रीय ओळख पुष्कळ लांबली असती. १८८८ सालीं ज्या खापरखवल्याचें वर्णन प्रसिद्ध झालें त्यास ह्याच फिप्सनचें नांव मिळालें आहे.

अलीकडे खवल्यांच्या जोडीस जनुकांची परीक्षा आली आणि जुन्या घरांच्या वांटण्या झाल्या. आंबोलीची एक पाल पूर्वीं सरसकट एका जुन्या नांवाखालीं मोडत असे. २०१९ सालीं ती स्वतंत्र जाति ठरली आणि सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी ह्यांच्या नांवावरून तिचें नांव ठेवलें गेलें. त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांतील कोयनेच्या रानांतून मांजऱ्या सापाची एक नवी जाति जाहीर झाली; सह्याद्रींत मांजऱ्या सापांत अशी भर १२५ वर्षांनीं पडली. हा साप झाडावर राहतो आणि ओढ्यावर झुकलेल्या पानांवर रातबेडकांनीं घातलेलीं अंडीं खातो. नागराजाचीही २०२४ सालीं चार जातींत वांटणी होऊन सह्याद्रीच्या नागराजास 'कालिंग' हें कानडी नांव मिळालें.

पण आम्हांस सर्वांत आनंद झाला तो दुसऱ्याच एका नांवाचा. दख्खनच्या पठारांवर एक लहान सरडा असतो. नराच्या गळ्याखालीं घडीचा पंखा असतो आणि विणीच्या दिवसांत दगडावर उभा राहून तो हा पंखा निळा, काळा, नारिंगी असा उघडून मिटून दाखवितो. २०१६ सालीं ह्या सरड्यांचा निराळा गण करावा लागला तेव्हां त्या गणास लॅटिन-ग्रीकांतून नांव न शोधतां 'सरडा' हेंच नांव दिलें गेलें. अमरकोशांतील सरट प्राकृताच्या वाटेनें मराठींत सरडा झाला, तो आतां जगांतील प्रत्येक प्राणिशास्त्रज्ञाच्या तोंडीं बसला. सुपर्बा ही त्याची देखणी जाति साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आहे, आणि तेथील मोजणीची हकीकत पुढें येणार आहे.

इतक्या खटाटोपानें यादी झाली; मग पुढें काय? कपाटांत ठेवावयाची? येथें एक परदेशची गोष्ट सांगणें भाग आहे. मध्य अमेरिकेंत कोस्टारिका देशांत ला सेल्वा नांवाचें सखल प्रदेशांतील पावसाळी रान आहे, तिळारीसारखेंच सदाहरित. तेथें एक संशोधनकेंद्र असून १९७० च्या सुमारापासून तेथील अभ्यासक पालापाचोळ्यांतील बेडूक आणि सरडे चौकोन आंखून मोजीत आले. पस्तीस वर्षांच्या ह्या वह्या जेव्हां एकत्र मांडल्या तेव्हां, २००७ सालीं, असें निघालें कीं त्यांची दाटी सुमारें ७५ टक्क्यांनीं घटली आहे. रान तुटलें नव्हतें, कोणीं शिकार केली नव्हती, कुंपण शाबूत होतें. झाडें हिरवीं, पक्षी बोलत आहेत, पाहणारास सर्व कांहीं ठीक दिसतें. आणि पायाखालच्या पाचोळ्यांतील चारांपैकीं तीन जीव नाहींसे झालेले. हवामान पालटून जमिनीवर पाचोळ्याचा थर पातळ राहूं लागला, हें त्याचें संभाव्य कारण म्हणून अभ्यासकांनीं पुढें मांडलें. कारणाविषयीं मतभेद होवोत. पण १९७० ची वही नसती तर ही घट घडली हेंच कोणास कळलें नसतें.

आतां चाळकेवाडी. तेथें पवनचक्क्या उभ्या राहून बराच काळ लोटल्यावर कांहीं अभ्यासकांनीं चक्क्यांखालचें आणि चक्क्या नसलेलें असे पठाराचे दोन्ही भाग मोजले व २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी. अर्थात् त्यांचें भक्ष्य असलेले सरडे अधिक. सरडे वाढले म्हणजे चांगलेंच झालें असें कोणी म्हणेल. पण त्या सरड्यांची भीति मोडली होती, माणूस अगदीं जवळ येईपर्यंत ते पळत नसत; अंगानें ते रोडावलेले, आणि नरांच्या गळ्यावरील तो सुंदर रंग फिका पडलेला. पक्षी गेले त्याचा परिणाम सरड्याच्या गळ्यावर उमटला! केवळ डोकीं मोजलीं असतीं तर 'वाढ' एवढाच शेरा वहींत आला असता.

आम्हां लोकांच्या वह्या मात्र निराळ्या आहेत. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत फुरसें मारून आणणारास सरकार बक्षीस देत असे. सहा वर्षांच्या हिशेबांत वर्षास सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशीं मारलीं गेल्याची नोंद आहे. म्हणजे पहिली मोठी गणति जी झाली ती मेलेल्यांची झाली. आणि इतकीं मारूनही फुरसें कोंकणांतून गेलें नाहीं, हें कोंकणस्थ वाचक सांगतीलच.

मारण्याच्या बाजूनें बोलणारांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. वर्षास ५८,००० पडतात. त्यांत शेतकरी, मजूर आणि पायांत वहाण नसलेलीं मुलें अधिक. पाणी भरावयास, गवत कापावयास, रात्रीं पिकास पाणी द्यावयास जाणारीं हीं माणसें. ज्याच्या घरचें असें माणूस गेलें त्यास सरड्याच्या रंगाचें कौतुक सांगावयास आम्ही जाणार नाहीं. पण त्याच्याच हिताकरितांही ही गणति हवी. विषावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर तयार होते, आणि तिजकरितां लागणारें विष पुष्कळसें तामिळनाडूंतील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतें. प्रदेश बदलला तर एकाच जातीच्या सापाचें विषही बदलतें, हें आतां सिद्ध आहे. शिवाय सह्याद्रीच्या दक्षिण भागांत ह्या चौघांबाहेरचा एक नाकावर उंचवटा असलेला लहान साप आहे, त्याच्या विषावर ही लस चालत नाहीं. तेव्हां कोणता विषारी साप कोठें आहे हें ठाऊक नसेल तर औषध करणारानें औषध कोणासाठीं करावें? येथें वैद्याची यादी आणि रानाची यादी पुन्हां एकत्र येतात, हें आम्हीं विद्यार्थ्यास सुनावलें, आणि त्यानेंही तें मुकाट्यानें मान्य केलें.

आणि आमचें पाचोड? येथें पर्जन्यारण्य नाहीं, हें मोसंबीवाल्यांस विचारा. पण २०२२ सालीं जगांतील १०,१९६ सरीसृप जातींची जी तपासणी प्रसिद्ध झाली तींत पंचमांशाहून अधिक जाती धोक्यांत निघाल्या. रानांतील जातींपैकीं शेंकडा ३० धोक्यांत, तर कोरड्या मुलुखांतील शेंकडा १४. म्हणजे आमचा मुलूख तुलनेनें सुरक्षित. पण चौदा म्हणजे शून्य नव्हे. विहिरींत दिवड, माळवदाच्या सांध्यांत कवड्या, उंदरांमागें शेतांत धामण, बांधावर घोरपड, कुंडींतील मातींत वाळा, हे सर्व आमच्या गांवांत आहेत. मांडूळही आहे, आणि त्याच्या दोन तोंडांनीं गुप्तधन सांपडतें ह्या भ्रमापायीं तो चोरून विकला जातो. धन सांपडतें तें विकणारास, एवढें खरें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साप मारणें किंवा बाळगणें हा गुन्हा आहे हें अनेक सुशिक्षितांस ठाऊक नसतें.

विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्हीं गेल्या मार्गशीर्षापासून एक वही घातली आहे. पानावर रकाने पांच: तिथि व तारीख, वेळ, जागा, प्राणी, आणि जिवंत कीं मेलेला. हात लावावयाचा नाहीं, पकडावयाचें नाहीं. चार हातांवरून पाहावें आणि दूरध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावें. ओळख पटली नाहीं तर प्राण्याच्या रकान्यांत 'अज्ञात' लिहावें. अंदाजानें 'नाग' लिहिण्यापेक्षां तें पुष्कळ बरें. घरांत साप निघाला तर सर्पमित्रास बोलवावें. कोणास दंश झाला तर मंत्र, चिरा, आवळपट्टी ह्यांत घटका न घालवतां तडक दवाखान्यांत न्यावें.

वहींत आजवर ४१ नोंदी झाल्या. त्यांतील १७ शेवटच्या रकान्यांत 'मेलेला' म्हणून आहेत, आणि त्यांपैकीं ११ बीडच्या सडकेवरच्या. ज्या वाचकांच्या घरीं अंगण, विहीर किंवा परसूं आहे त्यांनीं अशीच वही घालून आषाढ ते कार्तिक ह्या पांच महिन्यांच्या नोंदी आमच्याकडे धाडल्यास त्यांचें एकत्र कोष्टक मार्गशीर्षाच्या अंकांत देऊं. पालींच्या नोंदी पाठवितांना ती कोणाच्या कोणत्या अंगावर पडली तें कळविण्याचें कारण नाहीं.